भुताची टपली

यिप बाईंनी दोन बोटं जोडली आणि माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला, अंबाडा घालतात बरोबर तिथे, हलकेच टपली मारली.

"इथे," त्या म्हणाल्या. "भूत इथे मारतं."

मग त्या बेलसरेकाकांकडे वळल्या. काकांच्या डोक्यामागे केस असे उरलेच नव्हते आणि परक्या पुरुषाच्या टकलाला हात लावण्याची बाईंची तयारी दिसली नाही, म्हणून त्यांनी लांबूनच बोट दाखवलं आणि सावकाश उच्चार करून दाखवला, "ग्वै पाक हाऊ मेई जम." ग्वै म्हणजे भूत. पाक म्हणजे टपली मारणं. उरलेलं सगळं म्हणजे डोक्याची मागची बाजू. भुतानं मागून टपली मारली, एवढाच त्याचा शब्दशः अर्थ. बाई आमच्याशी इंग्रजीतच बोलत, त्यामुळे एवढं तरी आम्हाला नीट कळलं.

मी विचारलं, हे वापरायचं कधी.

"ते मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "एकदा समोर घडताना बघ. मग सांगावं लागणार नाही."

बेलसरेकाकांना थांबून बघण्याची सवय नव्हती. ते लगेच म्हणाले की अर्थ उघड आहे. माणूस विचार करत बसलेला असतो, काही सुचत नसतं, आणि एकदम कोणीतरी मागून टपली मारावी तसं डोक्यात येतं. म्हणजे स्फूर्ती. प्रतिभा. बाईंनी "नाही" म्हटलं. काकांनी "म्हणजे त्याच्या जवळपासचंच" असं म्हणून तो विषय संपवला. बाई समोरच्या कपातलं गरम पाणी प्यायल्या आणि त्यांनी पुढचा शब्द घेतला.

याला आता तीस वर्षं होत आली. हाँगकाँग चीनच्या ताब्यात जायला तेव्हा दोनेक वर्षं उरली होती. काउलूनमधल्या एका जुन्या इमारतीत आम्ही नवं बिऱ्हाड थाटलं होतं. इमारतीत निम्मे भाडेकरू भारतीय, त्यातले बरेचसे आपलेच. तिथल्या आमच्या मराठी मंडळाला अचानक जाग आली, की राज्य बदलणार तर भाषा शिकायला हवी. कार्यकारिणीने तसा ठराव केला. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या यिप बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना शिकवायची विनंती केली, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की नवे राज्यकर्ते बोलतात ती भाषा वेगळी. ही आपली कँटोनीज इथल्या बाजारातली आणि गल्लीतली. काका म्हणाले, आधी ही, मग ती. ठराव बदलायचा तर पुन्हा सभा बोलवावी लागली असती.

पहिल्या शनिवारी काकांच्या दिवाणखान्यात खुर्च्या पुरल्या नाहीत. या भाषेत एकच अक्षर सहा वेगवेगळ्या सुरांत म्हटलं की सहा वेगवेगळे अर्थ होतात, हे कळल्यावर गर्दी ओसरायला लागली. मंडळात शास्त्रीय संगीतावर तासन्‌तास बोलणारे पुष्कळ होते, पण प्रत्यक्ष सूर लावायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना कामं निघाली. शेवटी उरलो मी आणि काका. काका उरले कारण वर्ग त्यांच्याच घरात भरत होता, ते जाणार तरी कुठे.

मी उरले त्याचं कारण तळमजल्यावर होतं. तिथे लो बाईंचं सुक्या मासळीचं दुकान होतं. काका त्या दुकानावरून जाताना नाकाला रुमाल लावत. मी वेंगुर्ल्याची. लग्नानंतर त्या परक्या गावात उतरले, टॅक्सीतून सामान काढलं, आणि पहिला श्वास घेतला तोच आमच्या माडीवरच्या कणगीतल्या बोंबलांच्या वासाचा. मला तिथे रडूच आलं. ती मासळी काय, भिजवायची कशी, एवढं लो बाईंना विचारता यावं म्हणून मी भाषा शिकत होते. मंडळाच्या ठरावाशी माझा काही संबंध नव्हता.

आणि दुसरं कारण म्हणजे क्वान आजोबा. ते आमच्या इमारतीचे वॉचमन. सत्तरी उलटलेली, मागेपुढे कोणी नाही. जिन्याखालच्या खोपटात घडीची खाट, चहाची किटली आणि एक रेडिओ, एवढा त्यांचा संसार. इमारतीत माझ्याशी त्यांच्या भाषेत बोलणारे ते एकटेच. मी चुकीच्या सुरात काहीतरी भलतंच बोलून जाई. ते हसत नसत. तोच शब्द बरोबर सुरात स्वतःशी पुटपुटल्यासारखा म्हणत आणि लिफ्टचं दार धरून उभे राहत. मी पुन्हा म्हटला की दार सोडत. मला त्या म्हाताऱ्याचा फार लळा लागला होता.

आता बेलसरेकाका. अच्युतराव बेलसरे, एका जहाज कंपनीत हिशेबखात्याचे मुख्य, हाँगकाँगमध्ये वीस वर्षं, आणि जवळजवळ तितकीच वर्षं मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहण्याची चिन्हं दिसली की काका त्याचा सत्कार करत. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, चार शब्द कानावर पडले, की त्या माणसाला पुढे निवडणूक लढवणं बरं दिसत नसे. काकांच्या शयनगृहात एक ट्रंक होती, ती नुसती शालींनी भरलेली होती. माणूस मंडळात आला, मंडळातून गेला, परीक्षेत पास झाला, नोकरीवरून निघाला, काका ट्रंक उघडत.

अशा माणसाच्या हाती तो वाक्प्रचार पडला. त्यानंतर पंधरा दिवस काकांनी गावभर धुमाकूळ घातला. शिंप्याकडे गेले, कापडाचा रंग छान निवडलात असं शिंपी म्हणाला, तर काका छातीवर हात ठेवून म्हणाले, ग्वै पाक हाऊ मेई जम. एका चिनी लग्नात वराच्या बापाला आहेराचं कौतुक वाटलं, तर त्यालाही तेच. त्यांच्या कार्यालयातल्या मोठ्या साहेबाने विचारलं, ही फायली लावायची नवी पद्धत तुम्हाला कशी काय सुचली? काकांनी नम्रपणे तेच उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी साहेबाने दोन माणसं लावून सगळ्या फायली तपासून घेतल्या. काका आम्हाला अभिमानाने सांगत होते की साहेबाने किती रस घेतला. यिप बाई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

बाईंना मी एकदा जिन्यात गाठून म्हटलं, तुम्ही त्यांना सांगत का नाही. त्या म्हणाल्या, एकदा सांगितलं ना. शाळेत चाळीस वर्षं त्या हेच करत आल्या असाव्यात.

मग त्यांचा सातवा महिना आला. आपली नारळी पौर्णिमा येते त्याच सुमारास त्यांच्याकडे भुकेल्या भुतांचा सण असतो. ज्यांना घरदार नाही, ज्यांचं करायला मागे कोणी नाही, अशी भुतं त्या महिन्यात रस्त्यावर उतरतात. संध्याकाळी लोक इमारतीबाहेर डब्यांत कागदी कपडे जाळतात आणि फुटपाथच्या कडेला भात, टोफू, शेंगदाणे, फळं मांडून उदबत्त्या लावतात. यिप बाईंनी त्या शनिवारी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. उदबत्ती जळते आहे तोवर ते अन्न भुतांचं, त्याला हात लावायचा नसतो, असंही सांगितलं. पण काका तेव्हा बोलत होते. सर्वपित्री म्हणा, श्राद्ध म्हणा, संस्कृती इथून तिथून एकच, असं ते मला पटवत होते. देवाला दाखवलेला नैवेद्य शेवटी माणसांसाठीच असतो आणि समोर आलेला प्रसाद नाकारू नये हे चिन्यांनाही आपल्याइतकंच कळतं, हे त्यांचं तात्पर्य होतं. यिप बाईंचं त्यातलं एकही वाक्य त्यांच्या कानात गेलं नसावं.

सणाच्या दिवशी संध्याकाळी लो बाईंनी मागच्या दाराशी ताट मांडलं. उदबत्त्या लावल्या आणि कागदी कपडे आणायला आत गेल्या. परत येऊन बघतात तो उदबत्त्या अर्ध्याही जळल्या नव्हत्या आणि ताटातली संत्री गायब.

आपण म्हणू, संत्री ती काय. पण लो बाई इमारतीच्या समितीच्या प्रमुख होत्या, आणि त्या आठवड्यात त्यांच्यावर एकामागून एक संकटं येऊ लागली. लिफ्ट अडकली ती नेमकी त्या आत असताना. दुकानाच्या माळ्यावरची पाण्याची नळी फुटली आणि उंची मासळीला बुरशी आली. भुताच्या तोंडचं काढून घेतलं की भूत दुसरीकडून वसूल करतं, हे सगळ्या इमारतीला पटलं. मंडळातले लोक या अंधश्रद्धेला यथेच्छ हसले आणि घरी जाऊन आपापल्या राहुकाळात फोन करायचं टाळत बसले.

आळ आला क्वान आजोबांवर. मागच्या दाराशी त्यांचीच खुर्ची असे. त्यात लिफ्टपाशी कचऱ्याची पेटी होती, तिच्यात संत्र्याच्या साली सापडल्या, अगदी नीट गुंडाळून टाकलेल्या. समितीने ठरवलं की महिनाअखेर म्हाताऱ्याने जावं. नोकरी गेली म्हणजे जिन्याखालचं खोपटंही गेलं. त्या वयात त्यांना कोण कामावर ठेवणार आणि ते खाट नेणार तरी कुठे? "मी घेतली नाहीत," एवढंच ते म्हणाले, आणि तेही एकदाच. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, तर त्यांनी रेडिओला दोरी बांधून ठेवली होती.

यिप बाईंनी समितीशी भांडून एक गोष्ट मिळवली. रविवारी सकाळी सगळ्या रहिवाशांची सभा, तिथे काय तो निर्णय. भारतीय भाडेकरूंच्या वतीने कोणी चार शब्द बोललं तर उपयोग होईल असं त्या म्हणाल्या, म्हणून मी काकांकडे गेले.

काका सोफ्यावर बसले होते. ऑगस्टच्या उकाड्यात गळ्याला मफलर. आवाज पार बसलेला. नलिनीकाकू हळद-मिठाच्या पाण्याचं भांडं घेऊन उभ्या होत्या. ऑफिसातल्या एसीने घात केला असं काकांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं. मी सगळी हकीकत सांगून म्हटलं की काका, तुम्ही बोललात तर म्हाताऱ्याची नोकरी वाचेल.

काका क्षणभर गप्प झाले. काकांना गप्प झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, घसा दुखत असेल.

"सत्कार करू," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, त्यांना काढून टाकतायत."

"म्हणूनच. निरोपाचा सत्कार. अगं विदुला, नोकरी काय, आज ना उद्या जायचीच. पण वॉचमनचा सत्कार कधी कोणी केलाय इथे? शाल, श्रीफळ, दोन शब्द. माणसाला जन्मभर पुरतं ते."

मी म्हटलं, त्यांना शाल नको आहे, खोपटं हवं आहे. काका म्हणाले, तू अजून लहान आहेस, सन्मानाची किंमत तुला कळायची नाही. आणि आत जाऊन त्यांनी ट्रंक उघडली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हळदीचं भांडं जरा जोरातच टेबलावर ठेवलं.

रविवारी खालच्या लॉबीत सगळी इमारत जमली. लो बाई मधे, समितीचे लोक त्यांच्या दोन्ही बाजूंना. क्वान आजोबा भिंतीशी स्टुलावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. लो बाई आधी बोलल्या आणि बऱ्याच बोलल्या. कँटोनीजमध्ये रागवायचं म्हटलं तर सहाही सूर कामाला येतात, हे मला त्या दिवशी कळलं. मग समितीतल्या एकाने, म्हाताऱ्याला काढावं असं वाटणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं आणि पुष्कळ हात वर गेले. मी बघत होते, कोणाचेही डोळे त्या स्टुलाकडे नव्हते.

तेवढ्यात काका उठले. हातात घडी केलेली शाल, नारळ नलिनीकाकूंकडे, गळ्यात मफलर. ते इंग्रजीत बोलणार आणि यिप बाई वाक्यावाक्याला कँटोनीज करून सांगणार असं ठरलं होतं. काकांनी घसा खाकरला आणि सुरुवातीलाच जाहीर केलं की आपण भाषण काही लिहून आणलेलं नाही. मग छातीवर हात ठेवून, फक्त स्थानिक लोकांसाठी, त्यांनी तो वाक्प्रचार म्हटला. "ग्वै पाक हाऊ मेई जम."

लॉबीत कुजबुज झाली. समितीतले दोघे एकमेकांकडे बघायला लागले. यिप बाई म्हणाल्या की याचं भाषांतर करायची गरज नाही.

पुढे काकांनी दोन प्राचीन संस्कृतींचा आढावा घेतला. त्यात एक पाव तास गेला. मग ते मूळ मुद्द्यावर आले, की चूक माणसाच्याच हातून होते, आपण मनाचा मोठेपणा दाखवून या वृद्ध सेवकाला सन्मानाने निरोप देऊ या. म्हाताऱ्यानेच चोरी केली हे त्यांनी बोलता बोलता नक्की करून टाकलं होतं. मला संताप येत होता. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी दयेचा आणखी एक डोस दिला.

"आणि मित्रहो, गुन्हा तरी केवढा?" त्यांनी बसलेल्या गळ्यावर हात ठेवला. "संत्री खाल्ली. तीही इतकी आंबट, की आठ दिवस झाले तरी आवाज उघडत नाही."

यिप बाई बोलायला लागल्या होत्या, त्या मधेच थांबल्या. चांगल्या दुभाष्याने शंका असेल तिथे विचारून घ्यावं, तसं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "केवढी आंबट म्हणालात?"

"भयंकर," काका म्हणाले. "दात आंबले. आणि बिया किती."

"बिया," बाई म्हणाल्या, आणि सगळं वाक्य बियांसकट त्यांनी कँटोनीजमध्ये लोकांपुढे ठेवलं.

पहिल्यांदा उसळल्या त्या लो बाई. चोराचं राहिलं बाजूला, त्यांच्या संत्र्यांना नावं ठेवलेली त्यांना सहन झाली नाहीत. त्यांनी ती संत्री चांगल्या दुकानातून, एकेक पारखून घेतली होती, भुतांसाठी म्हणून स्वस्त माल आणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. संत्री गोड होती, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. यिप बाईंनी काकांना ते इंग्रजीत सांगितलं.

आता काकांचा एक स्वभाव होता. फळ, भाजी, तांदूळ आणि आंबा या विषयांवर त्यांनी आयुष्यात कधी माघार घेतली नव्हती. ते लो बाईंकडे वळले, मफलर जरा सैल केला आणि म्हणाले, "बाईंना सांगा, मी वीस वर्षं इथली संत्री खातोय. दिसायला झकास होती, मला मान्य आहे. मीही फसलो. पण लिफ्टपाशी उभं राहून पहिली फोड तोंडात टाकली तेव्हाच कळलं. ज्याने ही विकली त्याने तुम्हाला फसवलंय."

यिप बाईंनी तेही भाषांतर केलं. एकही शब्द गाळला नाही. पहिली फोड, लिफ्ट, सगळं.

लॉबीत कोणी हललं नाही. लो बाईंचं तोंड उघडंच राहिलं होतं. नलिनीकाकू नारळाकडे बघत होत्या. काका हसऱ्या चेहऱ्याने पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करत होते.

आणि त्या शांततेत भिंतीशी, स्टुलावरून क्वान आजोबा म्हणाले, "ग्वै पाक हाऊ मेई जम."

तेवढं एकच वाक्य. मोठ्याने नाही, स्वतःशी पुटपुटल्यासारखं, माझे सूर दुरुस्त करत तसं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण त्या क्षणी मला अर्थ कळला. कोणी विचारलेलं नसतं, कोणाचा संशय नसतो, आणि माणूस आपल्याच तोंडाने आपलं पाप ओकून मोकळा होतो. हे शुद्धीवरचा माणूस करणारच नाही. मागून भुतानेच टपली मारली असली पाहिजे. आणि या वेळी तर टपली मारायला भुताकडे सबळ कारण होतं.

मग सगळी लॉबी ते म्हणायला लागली. एक हसला, दुसरा हसला, समितीतला एक म्हातारा डोळे पुसत पुसत ते शेजाऱ्याला सांगू लागला. ग्वै पाक हाऊ मेई जम, ग्वै पाक हाऊ मेई जम. काकांना या सगळ्या भाषेत तेवढंच येत होतं. ते त्यांनी ओळखलं. आपल्या भाषणातल्या स्फूर्तीला मिळालेली ती दाद ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात जोडले आणि चहूकडे वळून नमस्कार केला. मग शालीची घडी मोडून ते क्वान आजोबांकडे निघाले.

आजोबा स्टुलावरून उठले. शाल त्यांनी काकांच्या हातातून काढून घेतली, त्या घोगऱ्या गळ्याकडे एकदा बघितलं, आणि काकांच्याच खांद्यांवर ती पांघरली. टाळ्या झाल्या. मंडळाच्या पुढच्या अहवालात हा प्रसंग 'स्थानिक चिनी समाजातर्फे अध्यक्षांचा उत्स्फूर्त सत्कार' या मथळ्याखाली आलेला आहे. त्यातला एक शब्द खरा होता, उत्स्फूर्त.

लो बाई आजोबांपुढे जाऊन काहीतरी दोनच शब्द बोलल्या आणि त्यांनी मान खाली घातली. दुपारी जिन्याखालचा रेडिओ पुन्हा सुरू झाला. मी तीन मजले उतरून नुसता तो ऐकून आले.

पण त्याआधी लिफ्टमध्ये आम्ही चौघं होतो. काका, काकू, यिप बाई आणि मी. मला राहवलं नाही. मी मराठीत सरळ विचारलं, "काका, ती संत्री तुम्ही घेतलीत?"

"घेतली म्हणजे?" काका म्हणाले. "प्रसाद होता तो. उदबत्ती लावून समोर ठेवलेला. न घेता पुढे जाणं बरं दिसतं का?"

"मग आजोबांवर आळ आला तेव्हा बोलला का नाहीत?"

"ते लोक चोरीबद्दल बोलत होते," काका शालीचं टोक सारखं करत म्हणाले. "मी चोरी कुठे केली?"

काकूंनी आपल्या मजल्याचं बटण दाबलेलंच होतं, ते पुन्हा दाबलं. दार उघडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आजपासून ट्रंकेची किल्ली माझ्याकडे राहील."

वर जाताना यिप बाई मला म्हणाल्या की त्यांचा विद्यार्थी गेले तीन आठवडे तो वाक्प्रचार चुकीच्या अर्थाने वापरत होता. पण वापरत होता बरोबर माणसाबद्दल.

त्यानंतर आमचा वर्ग माझ्या घरी भरू लागला. वर्ष गेलं. पुन्हा सातवा महिना आला, पुन्हा खाली डब्यांत कागद जळायला लागले. त्या संध्याकाळी मी आणि यिप बाई जिन्याने वर येत होतो, लिफ्ट नेहमीप्रमाणे अडकली होती. काकांच्या मजल्यावर आलो आणि थबकलो.

काकांच्या दारासमोर ताट मांडलेलं होतं. शेंगदाणे, टोफू आणि मधे संत्र्यांची रास. तीन उदबत्त्या जळत होत्या. शेजारी क्वान आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. मी यिप बाईंना विचारलं, हा कुठला रिवाज. त्या म्हणाल्या, असा रिवाज कुठेच नाही, हा क्वान यांचा आहे. संत्री लो बाईंनी दिली होती. भुकेल्या भुताला त्याच्या दारातच आधी जेवू घातलं, की ते खाली येऊन दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाही, असा समितीचा विचार होता.

आजोबांनी बेल वाजवली. काकांनी दार उघडलं, ताट बघितलं, उदबत्त्या बघितल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, बाहेर ये," त्यांनी काकूंना हाक मारली. "नैवेद्य आणून ठेवलाय. आपल्या दारात."

काकू आल्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मी उदबत्त्यांकडे बघत राहिले. काका मला म्हणाले, या माणसाला विचार, ही कल्पना कोणाच्या डोक्यात आली. मी विचारलं. काकांपुढे जरासं वाकून, अतिशय आदराने आजोबा म्हणाले, "सिक ला."

"काय म्हणतात?"

"खा म्हणतात," मी सांगितलं.

काका तिथेच उंबऱ्यावर बसले. त्यांनी एक संत्रं निवडलं, नीट सोललं, साली एका बाजूला गुंडाळून ठेवल्या, आणि फोड तोंडात टाकून डोळे मिटले.

"यंदाची गोड आहेत," काका म्हणाले.

माझ्या अंबाड्यावर मागून यिप बाईंची दोन बोटं हलकेच टेकली.